जुनी रायफल, बदललेले काडतूस

१८५७च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. डमडमला अफवा उठली, बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, मेरठ पेटले. काडतुसाच्या कागदाला कुठली चरबी लावली होती, इथे धडा संपतो. ते काडतूस ज्या बंदुकीसाठी होते तिचे पुढे काय झाले, हे सहसा कुणी सांगत नाही. ती एनफिल्डची रायफल, १८५३च्या नमुन्याची, ०.५७७ इंची, नळीत आतून आटे असलेली. आट्यांमुळे गोळीला फिरकी मिळे आणि ती कित्येकशे यार्डांवर नेमकी जाई. उठाव मोडून काढल्यावर सरकारने हिंदी शिपायांना द्यायच्या रायफलींच्या नळ्या आतून कोरल्या, त्या सुमारे ०.६५ इंच केल्या, आटे नाहीसे केले, आणि अंतर लावायची सरकती बॅकसाइट काढून तिच्या जागी साधा ठोकळा बसवला. शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा उरला नाही. कोरल्याने नळीची भिंत इतकी पातळ झाली की १८५९मध्ये जाड नळीचा वेगळा नमुना काढावा लागला. बाहेरून बंदूक तीच दिसत होती. आतून तिचे सामर्थ्य काढून घेतले होते.

जुन्या लष्करी रायफलीला दुसरे काडतूस देणे, हा या पुस्तकाचा विषय आहे. जगभर हे काम प्रामुख्याने काटकसरीपोटी झाले. हिंदुस्थानात ते शंभर वर्षे अविश्वासापोटी झाले. कुणाच्या हातात किती लांब मारणारी, किती वेळा उडणारी आणि कुठल्या कोठारातला दारूगोळा चालणारी बंदूक असावी, याचा निर्णय इथे काडतूस ठरवून घेतला गेला. १९६२च्या पराभवानंतर मात्र आपल्याच कारखान्यातल्या लोकांनी आपल्याच शिपायाची गरज पाहून रायफलीचे काडतूस बदलले. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुस्तकातली सगळी सामग्री याच धाग्यात ओवली आहे.

नव्या वाचकासाठी आधी थोडे यंत्राविषयी. बोल्ट रायफलीत हाताने दांडा मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर पडते. दांडा पुढे ढकलला की मगझीनमधले वरचे काडतूस नळीच्या मागच्या कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये जाते. दांडा खाली दाबला की मागचे दार बंद होते. बार उडताना चेंबरमध्ये जो दाब तयार होतो, तो .३०३च्या, म्हणजे ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या 'थ्री नॉट थ्री' काडतुसाच्या, बाबतीत दर चौरस इंचाला एकोणीस टनांच्या आसपास जातो, आणि हा सारा प्रकार नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतो. म्हणून चेंबर आणि काडतूस यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते. केसाएवढ्या फरकालाही तिथे माफी नाही. .३०३चे टरफल ५६ मिलिमीटर लांब, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा. त्या कडेवर ते चेंबरच्या तोंडाशी टेकून राहते. पुढे त्याची जागा घेणाऱ्या ७.६२ नाटो काडतुसाचे टरफल ५१ मिलिमीटर, त्याची कडा बाहेर येत नाही, ते आपल्या खांद्यावर टेकते. आणि त्याचा दाबही जास्त. म्हणजे एका रायफलीला दुसरे काडतूस द्यायचे तर नळी बदलून भागत नाही. बोल्टचे तोंड, टरफल ओढणारा आकडा, मगझीनचा आकार, बॅकसाइटवरचे अंतराचे आकडे, सगळेच नव्याने जुळवावे लागते. आणि एवढे करूनही मूळ पोलाद नवा दाब सोसेल का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

तो प्रश्न डोळ्यांनी सुटत नाही. अमेरिकेच्या १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत सुरुवातीच्या सुमारे आठ लाख क्रमांकांपर्यंतची पोलादी अंगे, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ते भाग, भट्टीत नीट तापवली-निववली गेली नव्हती. कारागीर धातूच्या रंगावरून तापमान ठरवत, आणि ढगाळ दिवसाचा रंग वेगळा दिसतो, उन्हाचा वेगळा. त्यातली काही अंगे पुढे काचेसारखी तडकली. सरकारी कारखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे घडू शकते, तर जुन्या अंगावर घरच्या घरी नवे काडतूस लादण्यात काय धोका आहे, हे वेगळे सांगायला नको. पी. ओ. ॲक्ली या अमेरिकी बंदूक-कारागिराने वेगवेगळ्या देशांच्या लष्करी रायफली मुद्दाम फुटेपर्यंत ताणून पाहिल्या होत्या आणि त्याचे निष्कर्ष १९६०च्या दशकात छापले. या विषयात मतांचा बाजार मोठा आहे. त्यात मोजून बोलणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

आता जगाचा धावता आढावा. ब्रिटनने १८६६मध्ये जेकब स्नायडर याची युक्ती स्वीकारली: तोंडाने ठासायच्या हजारो एनफिल्ड रायफलींना मागे दार बसवले आणि त्या मागून भरायच्या झाल्या. पुढे मार्टिनी-हेन्री आली, आणि .३०३ निघाल्यावर तिच्याही नळ्या बदलून ती .३०३ केली गेली. कोठारात लाखो नग पडलेले असताना सगळे टाकून नवे घेणे कुठल्याच खजिन्याला परवडत नाही, हे या शाखेमागचे गणित. दुसरी शाखा युद्धातल्या लुटीची. नॉर्वेने जर्मनांनी मागे टाकलेल्या माउझर रायफली अमेरिकी .३०-०६ काडतुसाच्या केल्या. इस्रायलने तशाच माउझर १९५०च्या दशकात ७.६२ नाटोच्या केल्या. ज्या रायफलींवर नाझी ठसे होते त्याच रायफली ज्यू राज्याच्या शिपायांनी वापरल्या. स्पेनने आपल्या जुन्या माउझरना तेच काडतूस दिले. तिसरी शाखा अमेरिकेतल्या शौकिनांची. दोन्ही महायुद्धांनंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी रायफली घेऊन, त्यांचा लाकडी साज उतरवून, हव्या त्या काडतुसाच्या शिकारी रायफली करण्याचा तिथे मोठा धंदाच झाला. त्या शाखेवर इंग्रजीत अमाप लिहिले गेले आहे. आपल्याकडे तिचे काही चालण्यासारखे नाही, म्हणून मी तिच्यावर फार रेंगाळलेलो नाही.

ऑस्ट्रियाचा उल्लेख मात्र इथेच करून ठेवतो, कारण त्याचा धागा थेट आपल्या शेतापर्यंत येतो. ऑस्ट्रिया-हंगेरीची मानलिखर रायफल ८×५० या कडावाल्या काडतुसाची होती. १९३०च्या सुमाराला ऑस्ट्रियाने जास्त ताकदीचे ८×५६ काडतूस घेतले, आणि जुन्या रायफलींची चेंबरे त्यासाठी बदलली. बदललेल्या ऑस्ट्रियन रायफलींवर मोठा एस ठोकला, हंगेरियन रायफलींवर एच. जुने ८×५० युरोपात मागे पडले. ते आजही ज्या देशात रोजच्या वापरात आहे, तो देश भारत.

हे कसे घडले ते समजायला १८७८च्या शस्त्र कायद्याकडे जावे लागते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातल्या या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला होता. पण परवाना कुणाला मिळावा, याच्या पलीकडे सरकारने आणखी एक कुंपण घातले: ज्या काडतुसाच्या रायफली लष्कराकडे आहेत, त्या काडतुसाची बंदूक प्रजेकडे नको. कारण लष्करी कोठारातून चोरलेली गोळी प्रजेच्या बंदुकीत चालता कामा नये. १९०७मध्ये हिंदुस्थानात .४५० इंची रायफलींवर याच कारणासाठी बंदी आली, आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी घाईने .४७० वगैरे नवी काडतुसे पुढे केली. .३०३चेही तेच. मग सरकारच्या कुठल्याच पलटणीत नसलेले, पण लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीच्या बोल्टमध्ये बसू शकेल असे कडावाले काडतूस शोधले गेले. ते मानलिखरचे ८×५०. त्याला इंची नाव मिळाले .३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली पद्धतीच्या शिकारी रायफली या काडतुसासाठी बनवून इकडे पाठवल्या. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने त्याच घडणीची .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली, आणि परवानाधारकाला ती सरकारी कारखान्याकडून आजही घेता येते. रूपाने ती थेट थ्री नॉट थ्रीची धाकटी बहीण आहे. फरक आहे तो चेंबरचा.

मला वाटते, आपल्या शस्त्रइतिहासात या .३१५इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. परके सरकार गेले, १८७८चा कायदा जाऊन १९५९चा आला, १९६२चे आणि नंतर २०१६चे नियम आले; .३०३ हे काडतूस तेव्हाही सामान्य नागरिकाला बंद होते, आजही आहे, आणि पुढे आलेले ७.६२ही बंदच आहे. बंदीमागचे कारणही तेच राहिले. त्याचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनातही आला नसेल. उत्तर भारतातल्या न्यायालयांचे निकाल वाचा. देशी कट्ट्याच्या खटल्यांत पुराव्यातली काडतुसे पुन्हा पुन्हा .३१५ बोअरची, आणि त्यांच्या बुडावर '८ एमएम केएफ' असे ठसे. के म्हणजे किर्की, आपले पुण्याचे खडकी. परवानाधारकासाठी खडकीला बनलेली गोळी वाट चुकून गावठी लोहाराच्या नळीत जाते. मिळणाऱ्या काडतुसाभोवतीच बेकायदा बंदूक घडते. शस्त्रांच्या धोरणावर बोलणाऱ्यांनी बंदुकांइतकाच काडतुसांचा विचार करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुलढाण्यात बसून हे पुस्तक लिहिले, याला कारण आहे. वऱ्हाडचा हा जिल्हा उत्तरेला सातपुड्याला टेकलेला. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांची वरची गावे जंगलाच्या कडेला आहेत. तिथे अंबाबरवा अभयारण्य आहे आणि बुलढाणा-खामगावच्या डोंगरपट्ट्यात ज्ञानगंगा. टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ २०१९मध्ये शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला, तेव्हा हे अभयारण्य देशभर माहीत झाले. त्याच्या आधीपासून इथल्या शेतकऱ्याला मात्र रोही (नीलगाय) आणि रानडुकरे माहीत आहेत. मका उभा राहिला, हरभरा घाट्यावर आला की माळ्यावर जागल सुरू होते. डबे वाजवणे, फटाके, टॉर्च. घरात जुना परवाना असेल तर बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक, आणि क्वचित एखाद्याकडे आजोबांच्या नावावरून वारशाने आलेली .३१५. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. आता त्या रायफलीचा बार हवेत, जनावर हाकलण्यापुरता. वनखात्याच्या परवानगीखेरीज तिचा दुसरा उपयोग कायद्याने उरलेला नाही. पण तिच्या नळीवरचा इशापूरचा ठसा, परवान्याच्या पुस्तिकेतल्या वर्षागणिक काडतुसांच्या नोंदी, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून घेतलेली पावती, यातून एका कुटुंबाचा आणि राज्यसत्तेचा तीन पिढ्यांचा व्यवहार वाचता येतो. असे कागद मी जेवढे पाहू शकलो तेवढे पाहिले आहेत. मालकांची नावे दिलेली नाहीत, देण्याची गरजही नाही.

रायफलीच्या या बदलांची दुसरी खूण पोलीस दलात. महाराष्ट्र पोलिसांत जुन्या माणसांना 'मस्कट' म्हटले की लगेच कळते. नव्या भरतीला ती सांगावी लागते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इशापूरला जुन्या .३०३ रायफली घेऊन त्यांच्या नळ्यांचे आटे काढून त्या .४१० इंची गुळगुळीत केल्या जाऊ लागल्या. काडतूस तयार केले ते .३०३च्याच टरफलाचे, मान न आवळता सरळ ठेवलेले. मगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायची. तुरुंगाचे पहारेकरी, खजिन्याचे शिपाई, दंगल पांगवणारे पोलीस यांच्यासाठी हे हत्यार. जवळच्या अंतरावर पुरेसे, लांबवर निरुपयोगी. आणि जमावाने हिसकावून घेतले तरी लष्कराची .३०३ त्याला चालणार नाही, अशी योजना. १८५८मध्ये एनफिल्डवर केलेले काम साठेक वर्षांनी पुन्हा केले गेले. या वेळी अविश्वास दुहेरी होता: जमावावर होता, आणि बंदूक ज्याच्या खांद्यावर द्यायची त्या हिंदी शिपायावरही होता. स्वातंत्र्यानंतर आपण मस्कट तशीच ठेवली. दंगलीत कमी माणसे मरावीत, हे तिचे समर्थन नवे होते आणि माझ्या मते ते खरेही होते. पण सशस्त्र हल्लेखोराशी सामना झाला की तीच मस्कट पोलिसाचा घात करते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोघांसमोर आपले लोक ज्या जुन्या हत्यारांनिशी उभे होते, त्यांची चर्चा नंतर खूप झाली. ती चर्चा 'जुनी' या शब्दावर थांबली. कमी मारा करील अशा बेताने ठरवलेल्या शस्त्रांचा हा वारसा आहे, हे त्या वेळी कुणी फारसे बोलले नाही.

लष्करात हा मागे ठेवण्याचा प्रकार वेगळ्या वाटेने चालला. इंग्रज पलटणीला मार्टिनी मिळाली की देशी पलटणीला उतरलेली स्नायडर. इंग्रजांना ली-मेटफर्ड मिळाली की देशींना मार्टिनी. १९१४च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सला उतरल्या, तेव्हा त्यांच्या रायफली तिथल्या नव्या टोकदार मार्क सात काडतुसाशी जुळणाऱ्या नव्हत्या. मार्सेल्सच्या बंदरावरच त्यांना नव्या रायफली वाटल्या गेल्या, आणि अनोळखी शस्त्र घेऊन ती माणसे काही आठवड्यांत फ्लँडर्सच्या चिखलात जर्मनांसमोर उभी राहिली. मार्सेल्सचा हा प्रसंग पुस्तकात सविस्तर आहे. तो लिहिताना मला फार त्रास झाला, एवढे इथे सांगतो.

आता इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला डमडम, बराकपूर आणि इशापूर ही तिन्ही ठिकाणे एकाच पट्ट्यात येतात. डमडमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने पुढे उमलणारी .३०३ची गोळी तयार केली, आणि १८९९च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी आली. इशापूरला आधी दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रायफली बनू लागल्या, आणि दोन महायुद्धांतून गेलेली ली-एनफिल्डची मार्क तीन तिथे १९४७ नंतरही बनत राहिली. १९६२मध्ये नेफा (आजचे अरुणाचल) आणि लडाखमध्ये आपले जवान हीच .३०३ घेऊन लढले. समोरच्यांकडे आपोआप भरणाऱ्या कार्बाइन होत्या. युद्धानंतर आपण ७.६२ नाटो काडतुसाची सेल्फ-लोडिंग रायफल (एसएलआर) इशापूरलाच बनवू लागलो. पण ती सगळ्यांना एका वर्षात मिळणे शक्य नव्हते, आणि एकाच सैन्यात दोन काडतुसे म्हणजे पुरवठ्याची दुहेरी ओढाताण. मग इशापूरच्या अभियंत्यांनी थ्री नॉट थ्रीच्याच घडणीची, पण ७.६२ काडतुसाची रायफल आखली. तिचे नाव २ए. बारा गोळ्यांचे चौकोनी मगझीन, नव्या काडतुसाला जुळलेला बोल्ट, आणि मुख्य म्हणजे अंगासाठी आधीपेक्षा मजबूत पोलाद. पुढच्या २ए१ या सुधारलेल्या नमुन्यात बॅकसाइट दोन हजार यार्डांवरून आठशे मीटरवर आणली. यार्ड जाऊन मीटर आले, आणि युद्ध खरोखर किती अंतरावर लढले जाते याचे भानही आले. जगात सैन्यासाठी नव्याने आखल्या गेलेल्या अगदी शेवटच्या बोल्ट रायफलींपैकी ही एक.

इथे अभ्यासकांत वाद आहे. एक पक्ष २एला रूपांतर म्हणतो, दुसरा म्हणतो की एकही जुनी रायफल बदललेली नसताना रूपांतर कसले. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, थोडी दुरुस्ती करून: इथे आराखड्याचे रूपांतर झाले, हत्याराचे नाही. ब्रिटनने त्याच सुमाराला उलट वाट धरली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर चार ली-एनफिल्ड रायफलींना ७.६२च्या नळ्या बसवून त्यांनी एल८ नावाचे नमुने काढले. अचूकता समाधानकारक न आल्याने पायदळासाठी तो प्रयोग सोडला. निवडक अंगांवर जाड नळी बसवलेली एल४२ मात्र १९७०पासून त्यांच्या नेमबाजांच्या हाती राहिली आणि फॉकलंडच्या युद्धातही गेली. तो प्रयोग नंबर चारवर झाला होता. तिचे अंग आपल्या मार्क तीनपेक्षा मजबूत समजले जाते. म्हणूनच 'आपल्याकडच्या जुन्या थ्री नॉट थ्रीच पुढे ७.६२ केल्या' हे वाक्य निवृत्त मंडळींकडूनही ऐकू येते, तेव्हा ते तिथल्या तिथे खोडून काढावे लागते. जुने पोलाद तसेच ठेवून नवे काडतूस देण्याचा मोह इशापूरने टाळला. माझ्या दृष्टीने हे त्या कारखान्याचे मोठे श्रेय आहे.

काडतुसाच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट महाराष्ट्रात येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. १९६२ नंतर संरक्षण उत्पादन वाढले, तेव्हा भुसावळजवळ वरणगावला नवा कारखाना उभा राहिला, आणि छोट्या शस्त्रांची काडतुसे, पुढे इन्सास रायफलीची ५.५६सुद्धा, तिथे बनू लागली. मलकापूर स्टेशनावरून भुसावळकडे निघालेली गाडी भुसावळच्या अलीकडे वरणगाववरून जाते. मलकापूर-मोताळ्याकडच्या कित्येक घरांतली माणसे तिथे नोकरीला गेली. १ ऑक्टोबर २०२१पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले, इशापूर दुसऱ्या कंपनीकडे. रायफल बनवणारे आणि तिचे काडतूस बनवणारे आता वेगवेगळ्या ताळेबंदांत आहेत.

आपल्याकडचे आणखी एक रूपांतर सगळ्यांत निरुपद्रवी आणि सगळ्यांत फलदायी. .३०३च्या नळीत .२२ची पातळ नळी घालून किंवा नळीच बदलून केलेल्या सरावाच्या रायफली. वजन, दस्ता, बोल्ट सगळे मोठ्या रायफलीचे, गोळी मात्र स्वस्त आणि धक्का नाममात्र. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी, १९४८मध्ये सुरू झाली, आणि खामगाव, बुलढाणा, चिखलीच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आयुष्यातला पहिला बार काढला तो बहुधा .२२च्या रायफलीतून, पोटावर झोपून, पंचवीस यार्डांच्या निशाणावर. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते .२२च्याच पन्नास मीटर प्रकारात. ऑलिंपिकची रायफल अर्थातच वेगळी, तिचा या जुन्या लोखंडाशी घडणीचा संबंध नाही. पण सामान्य घरातल्या मुलाला विनापरवाना, सरकारी देखरेखीखाली रायफल हातात धरता येते ती जागा एनसीसीच, आणि ती जागा उभी राहिली या .२२ रूपांतराच्या आधाराने. महाराष्ट्राच्या नेमबाजीवर लिहिणाऱ्यांनी हा दुवा अजून नीट तपासलेला नाही.

हे पुस्तक आत्ताच का, असे कुणी विचारील. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनानंतर .३०३ समारंभाने निवृत्त केली. इतर राज्यांतही ती मागे पडली आहे. सलामीच्या फैरी, पहारा, होमगार्ड, एवढ्यापुरती कुठे कुठे दिसते. कालबाह्य शस्त्रे नियमाप्रमाणे जमा होतात आणि नष्ट केली जातात. ते व्हायलाच हवे. सरकारी बंदूक भंगारात जाऊन कुणाच्या हाती पडावी, असे कुणीच म्हणणार नाही. पण वितळवण्याआधी त्या प्रत्येक नळीवर कोरलेला मजकूर, म्हणजे कारखाना, वर्ष, कुठल्या काडतुसासाठी बदलली, पुन्हा कधी तपासली, हा सगळा एकदा लिहून आणि छायाचित्रात घेऊन ठेवायला हवा. प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्रागारात आर्मररच्या नोंदवह्या असतात. पानांना वाळवी लागते, हस्ताक्षरे ओळखणारी माणसे निवृत्त होतात. प्रत्येक नमुन्यातले एक निकामी केलेले हत्यार जिल्ह्याच्या संग्रहात ठेवले तरी पुढच्या अभ्यासकाचे काम होईल.

या पुस्तकातून काय मिळणार नाही, हेही सांगतो. रायफलीचे काडतूस कसे बदलावे, याची कृती यात कुठेही नाही. कारागिरीचे वर्णन कारणे समजण्यापुरते आहे. मापे दिली आहेत ती ओळख पटवण्यासाठी. शस्त्र कायदा, १९५९च्या पाचव्या कलमानुसार बंदूक बनवणे, दुरुस्त करणे, रूपांतर करणे यासाठी परवाना लागतो, आणि रूपांतर हा शब्द त्या कलमात स्वतंत्रपणे आहे. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या, आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा उरली. घरात वारशाने आलेली रायफल असेल तर तिचे काय करायचे, हे परवाना शाखेत विचारावे. पुस्तकात शोधू नये.

मांडणी कालक्रमाने केलेली नाही. सुरुवात मस्कटपासून आहे, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाने पाहिलेले किंवा ऐकलेले पहिले रूपांतर तेच असणार. तिथून मागे १८५८कडे, मग .३१५ आणि शेतकऱ्याच्या परवान्याकडे, आणि मग इशापूरच्या २एकडे. परदेशी शाखांवर एकच प्रकरण आहे, तेही तुलनेपुरते. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी रायफल इथे येते, पण ओझरती. ती मुळात माउझरचेच ७×५७ काडतूस इंग्रजी नावाने, आणि कॉर्बेटप्रेमींसाठी त्यावर भरपूर लिहिलेले आहे. शिकारीच्या आठवणी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. वऱ्हाडच्या जंगलांतून वाघ ज्या रायफलींनी संपवला, त्यांचे गुणगान करण्याची इच्छा मला नव्हती. संज्ञा पोलीस आणि लष्करात बोलतात तशाच ठेवल्या आहेत, कारण बॅकसाइट, चेंबर, मगझीन म्हटले की बुलढाण्यातला निवृत्त हवालदारही समजतो. आकडे जिथे जुन्या कागदांत इंचांत आहेत तिथे इंचांत, आणि १९६० नंतरचे मिलिमीटरमध्ये. ज्या रायफलीचा ठसा मी स्वतः वाचला नाही, तिचा उल्लेख छायाचित्रांच्या विभागात केलेला नाही.

दुसरी आवृत्ती निघाली तर मला विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांचे काम तिच्यात घालायचे आहे. नक्षलग्रस्त भागात पोलिसांची शस्त्रे कशी बदलत गेली, .३०३ कधी उतरली आणि एसएलआर कधी आली, हा स्वतंत्र आणि जोखमीचा विषय आहे. तो वरवर हाताळण्यापेक्षा या वेळी बाजूला ठेवला आहे. ज्यांच्याकडे जुन्या परवाना-पुस्तिका, काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या किंवा इशापूर-खडकी-वरणगावच्या नोकरीतले फोटो असतील, त्यांनी ते आधी नीट जपावेत आणि जमल्यास प्रकाशकांकडे प्रती पाठवाव्यात. मूळ कागद पाठवू नयेत.